अर्धा सांधा त्यांचा, अर्धा आपला

वसंतातल्या ह्या व्याख्यानांत इतिहासावर बोलणारे मोठे विद्वान आमच्याआधी होऊन गेले आहेत. त्यांनी तह सांगितले, लढाया सांगितल्या, राज्ये कशी उभी राहिली आणि कशी लयाला गेली ते सांगितले. आम्ही कामगार चळवळीतले. शाळा आमची लवकर सुटली; पुढचे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, दुसरी पाळी सुटण्याची वाट पाहत. तेव्हा आम्ही इतिहास सांगायचा तो हातांनी केलेल्या कामाचाच सांगणार, हे आपण धरून चालला असालच. आजचा विषय राउटर नावाच्या यंत्राचा आहे, आणि त्यातही त्या यंत्राला तारा जिथे येऊन मिळतात त्या भागांचा. ते भाग पहिल्याने कोणी बनवले, कसे बसवले, आणि बसवल्यावर त्यांना काय काय सांगावे लागले, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

हा काय इतिहासाचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. पण आज सकाळी आपल्यापैकी कोणी परगावच्या मुलाला पैसे पाठवले असतील, कोणी गाडीचे तिकीट काढले असेल, कोणी नातवाचा फोटो पाहिला असेल. ह्या प्रत्येक कामात आपला मजकूर अनेक पेट्यांतून गेला. प्रत्येक पेटीत तो एका तारेने शिरला आणि दुसऱ्या तारेने बाहेर पडला. ती पेटी म्हणजे राउटर. टपालखात्याच्या सॉर्टिंग ऑफिसासारखे तिचे काम आहे. आलेल्या मजकुरावरचा पत्ता वाचायचा आणि तो कोणत्या वाटेने पुढे धाडायचा ते ठरवायचे. ठरवण्याचे काम पेटीच्या पोटात होते. परंतु पोट कितीही हुशार असले तरी तारेचा सांधा नीट बसला नसेल, तर त्या हुशारीचा उपयोग शून्य.

सांधा म्हणजे काय ते सांगण्यासाठी आम्ही आपल्याला क्षणभर कुर्डुवाडीला नेतो. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. तिच्या रुळांमधले अंतर अडीच फूट. मुंबईकडून येणाऱ्या जी. आय. पी. रेल्वेच्या रुळांमधले अंतर साडेपाच फूट. एका गाडीचा डबा दुसरीच्या रुळांवर जाणे शक्यच नव्हते. मग ह्या डब्यातले पोते उतरवायचे आणि त्या डब्यात चढवायचे, आणि हे हमालांनी आपल्या पाठीवर करायचे. दोन वेगळ्या मापांच्या गोष्टी जिथे भेटतात, तिथे मध्ये असे काहीतरी करावे लागते. यंत्रांच्या जगात ह्याला इंटरफेस म्हणतात. आम्ही त्याला सांधा म्हणू. कुर्डुवाडीच्या सांध्यावर माणसे होती. आता जो सांधा सांगतो त्यात धातू आणि वीज आहे, पण माणसे तिथेही आहेत.

१९६६ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील ‘आर्पा’ ह्या संशोधन संस्थेत रॉबर्ट टेलर नावाचे अधिकारी होते. त्यांच्या कचेरीत तीन टंकयंत्रे होती. तिन्ही तीन ठिकाणच्या संगणकांना जोडलेली. प्रत्येकाची तार वेगळी, प्रत्येकाची बोलण्याची रीत वेगळी. एका यंत्रावरून दुसऱ्या ठिकाणी बोलायचे तर उठून दुसऱ्या खुर्चीत बसावे लागे. हा खुळेपणा संपवावा म्हणून सर्व संगणकांचे एक जाळे विणण्याची कल्पना निघाली आणि ते काम लॅरी रॉबर्ट्स ह्यांच्याकडे आले.

१९६७ च्या एप्रिलमध्ये मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर गावी बैठक भरली. ज्यांच्याकडे मोठे संगणक होते ती मंडळी फारशी उत्साही नव्हती. त्या काळचा संगणक म्हणजे खोलीभर यंत्र आणि लाखो डॉलरांची किंमत. त्याचा वेळ आधीच अपुरा. त्यात दुसऱ्यांचे निरोप पोचवण्याचे काम त्याच्या गळ्यात कोण मारून घेणार? शिवाय प्रत्येक जातीच्या यंत्राने दुसऱ्या प्रत्येक जातीशी बोलायला शिकायचे म्हटले, तर शिकवणाऱ्यांचे आयुष्य त्यातच जायचे. त्या वेळी वेस्ली क्लार्क ह्यांनी तोड सुचवली. मोठ्या यंत्रांना हात लावू नका. प्रत्येकाच्या दारात एक लहान संगणक ठेवा. हे लहान संगणक सगळे एकाच जातीचे असू द्या. निरोपांची ने-आण तेच आपापसांत करतील. मोठ्या यंत्राने फक्त आपल्या दारातल्या लहान यंत्राशी बोलायला शिकावे. विलायतेत टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनाल्ड डेव्हिस ह्यांचा विचारही ह्याच दिशेने चालला होता. निरोपाचे लहान तुकडे करून ते पाठवावेत हे त्यांनी मांडले, आणि त्या तुकड्यांना ‘पॅकेट’ हे नावही त्यांनीच दिले.

दारातल्या ह्या लहान यंत्राला नाव मिळाले इंटरफेस मेसेज प्रोसेसर, लघुरूप ‘इम्प’. आजच्या राउटरचा हा आजोबा. त्याच्या नावातला पहिलाच शब्द इंटरफेस आहे, हे आपण लक्षात ठेवावे. १९६८ च्या जुलैअखेर ह्या यंत्रासाठी सुमारे १४० कंपन्यांकडे मागणीपत्रे गेली. काम मिळाले मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजच्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन, म्हणजे बीबीएन, ह्या मानाने लहान कंपनीला. तिथले सिनेटर एडवर्ड केनेडी ह्यांच्या कचेरीने अभिनंदनाची तार पाठवली. त्या तारेत ‘इंटरफेस’ ऐवजी ‘इंटरफेथ’, म्हणजे सर्वधर्मीय, असा शब्द पडला. लोक ह्यावर अजून हसतात. आम्हांला मात्र ती चूक अगदीच गैरलागू वाटत नाही. वेगवेगळ्या घराण्यांच्या यंत्रांनी आपापला आचार न सोडता एकत्र नांदावे, असाच त्या यंत्राचा हेतू होता.

आता मुख्य गोष्ट. मोठे यंत्र आणि इम्प ह्यांच्यामधला सांधा कोणी बनवायचा? बीबीएनच्या रॉबर्ट कान ह्यांनी १९६९ साली एक पुस्तिका तयार केली. १८२२ ह्या तिच्या क्रमांकानेच ती ओळखली जाते. तिच्यात सांध्याचे दोन भाग केले. इम्पच्या बाजूचा अर्धा भाग सगळीकडे सारखा राहील आणि तो बीबीएन बनवील. मोठ्या यंत्राच्या बाजूचा अर्धा भाग ज्याचे त्याने आपल्या यंत्राच्या स्वभावाप्रमाणे बनवायचा. मध्ये सुमारे तीस फुटांची तार. त्या तारेवर कोणती खूण केव्हा उठवायची, एवढेच पुस्तिकेत बांधून दिले होते. तुमच्या घरात काय शिजते ते आम्ही विचारणार नाही, उंबऱ्यावर कसे द्यायचे-घ्यायचे एवढे ठरवू, असा हा करार.

तो देण्याघेण्याचा नियम कामगाराच्या मुलालाही समजेल असा आहे. मजकूर बिटांनी जातो. बिट म्हणजे एक किंवा शून्य. इमारतीच्या कामावर घमेली हातोहात देणाऱ्यांची रांग आपण पाहिली आहे. पुढच्याचे हात रिकामे झाल्याशिवाय मागची बाई घमेले सोडत नाही. तसेच इथे. घेणारा खुणेने सांगतो, ‘पुढचे बिट घ्यायला तयार आहे.’ देणारा बिट तारेवर ठेवून खुणेने सांगतो, ‘हे घे तुझे बिट.’ ते उचलले की पुन्हा पहिली खूण. ह्यात मोठी गंमत ही की एक यंत्र वेगवान आणि दुसरे संथ असले तरी काही बिघडत नाही. घाई करणाऱ्याला थांबावेच लागते. ह्याशिवाय दोन्ही बाजूंना एकेक रिले, म्हणजे विजेने मिटणारी-उघडणारी कळ, होती. ‘मी जागा आहे’ एवढेच सांगण्याचे तिचे काम.

पण मापांचा प्रश्न होताच. जाळ्यातली पहिली चार यंत्रे पाहा. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातले सिग्मा ७ हे यंत्र एका वेळी ३२ बिटांचा घास घेई. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधले एसडीएस ९४० हे २४ बिटांचा. सांता बार्बराच्या विद्यापीठातले आयबीएम ३६० हे ३२ बिटांचा. यूटाह विद्यापीठातले पीडीपी-१० हे ३६ बिटांचा. आणि इम्प स्वतः हनीवेल कंपनीच्या ५१६ ह्या संगणकावर उभारलेला, त्याचा घास १६ बिटांचा. ३६ बिटे १६-१६ च्या मापाने मोजली, तर दोन मापे भरतात आणि चार बिटे उरतात. मग सांध्यातला विजेचा जोड त्या चार बिटांमागे एक ‘एक’ लावी आणि उरलेली जागा शून्यांनी भरून काढी. घेणाऱ्याने मागून पाहत यायचे. पहिला ‘एक’ भेटला की मजकूर त्याच्या अलीकडे संपला असे समजायचे. कुर्डुवाडीच्या हमालाचेच हे काम. फरक एवढाच की इथे पोते फोडून वेगळ्या मापाच्या पोत्यांत भरायचे आणि एक दाणाही सांडू द्यायचा नाही.

पुस्तिका कागदावर होती. आता हातांचे काम. हनीवेलकडून बीबीएनकडे पहिले नमुन्याचे यंत्र आले ते जोडणीच्या चुकांनी भरलेले. बेन बार्कर नावाचा तरुण अभियंता तारा गुंडाळण्याचे हत्यार हातात घेऊन खिळ्याखिळ्यावरच्या तारा सोडवीत आणि पुन्हा गुंडाळीत बसला. खिळे इतके दाट की हात जरासा चुकला तर शेजारच्याला धक्का. यंत्र चालू लागले, तरी दिवसाकाठी एखाद्या वेळी ते एकाएकी निपचित पडे, आणि कारण सापडेना. शेवटी बार्कर आणि सेव्हेरो ऑर्नस्टीन ह्यांनी दोष हुडकला. बाहेरून ‘निरोप आला आहे’ अशी खूण येते आणि आत यंत्राच्या घड्याळाचा ठोका पडतो. ह्या दोन गोष्टी क्वचित अगदी एकाच क्षणी घडत. तेव्हा आधी कोणती मानावी हे आतल्या मंडलाला ठरवता येत नसे, आणि ते मधल्यामध्ये लोंबकळत राही. लाखो वेळा बरोबर चालणारी गोष्ट एकदा चुके, आणि ती चुके नेमकी आत-बाहेरच्या सीमेवर. दोष मंडलात होता, चालवणाऱ्यात नव्हता, हे दाखवायला त्यांना महिन्यांचे कष्ट पडले.

इकडे यूसीएलएमध्ये सिग्मा ७ च्या बाजूचा अर्धा सांधा हवा होता. तो यंत्राच्या कंपनीकडून करून घ्यायचा तर पुष्कळ महिने आणि पुष्कळ पैसे लागतील असे दिसले. तेव्हा माइक विंगफील्ड नावाच्या विद्यार्थ्याने ते काम अंगावर घेतले आणि थोड्या आठवड्यांत ते पुरे केले. इम्प आला शनिवारी, ३० ऑगस्ट १९६९ रोजी, विमानाने. वजन नऊशे पौंडांच्या वर. पुढचा सोमवार, १ सप्टेंबर, हा अमेरिकेचा कामगार दिन. सारा देश सुटीवर असताना ही मंडळी यंत्राच्या तारा लावत होती, ह्याची नोंद आमच्यासारख्याने तरी घेतलीच पाहिजे. त्या यंत्राची स्मृती चुंबकी कड्यांची असल्यामुळे वीज गेली तरी तिच्यातला मजकूर पुसला जात नसे. केंब्रिजमध्ये बंद केलेला इम्प लॉस एंजेलिसमध्ये चालू करताच, जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू झाला. २ सप्टेंबरला सिग्मा आणि इम्प ह्यांच्यामध्ये बिटांची ने-आण झाली. विंगफील्डचा अर्धा भाग आणि बीबीएनचा अर्धा भाग एका देशाच्या दोन टोकांना, वेगवेगळ्या हातांनी बनलेले. मध्ये दुवा होता तो त्या पुस्तिकेचा.

ऑक्टोबरात दुसरा इम्प स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये बसला आणि २९ तारखेच्या रात्री साडेदहाला चार्ली क्लाइन ह्यांनी यूसीएलएमधून ‘लॉगिन’ हा शब्द अक्षराअक्षराने पाठवायला घेतला. पहिली दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचे यंत्र कोसळले. पुढची अक्षरे ओळखून ते उरलेला शब्द स्वतःच पुरा करून एकदम परत पाठवू लागले होते. एकेका अक्षरासाठी राखलेल्या जागेत ते मावले नाही. तासाभरात दुरुस्ती झाली आणि काम सुरळीत चालले. ह्या रात्रीची कथा सर्वत्र सांगितली जाते. आमचा आग्रह एवढाच की त्या रात्रीच्या आधी दोन महिने सांधा बसवणाऱ्याचे नावही त्याच वाक्यात यावे.

चार ठिकाणांचे जाळे वाढत गेले. मग नवा प्रश्न आला. एका जाळ्यातली यंत्रे जोडली, पण तारेचे जाळे, रेडिओचे जाळे आणि उपग्रहाचे जाळे अशी वेगवेगळी जाळी एकमेकांना कशी जोडायची? १९७४ साली व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान ह्यांनी उत्तर मांडले. कोणत्याही जाळ्याला आपले पोट बदलायला लावायचे नाही. दोन जाळ्यांच्या सीमेवर एक दरवान यंत्र बसवायचे. त्याला ते गेटवे म्हणत. बीबीएनमध्ये व्हर्जिनिया स्ट्रॅझिसार ह्या अभियंता बाईंनी अशा पहिल्या गेटवेचा कार्यक्रम लिहिला. १८२२ मध्ये एका तारेपुरते होते ते तत्त्व इथे जगाला लागू झाले. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पाचे सारे जाळे ह्या नव्या पद्धतीवर गेले.

पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात एकाच आवारात अनेक कंपन्यांची यंत्रे आणि अनेक बोलण्याच्या रीती होत्या. कंपन्यांनी एव्हाना आपापले बंदिस्त सांधे काढले होते. आमची यंत्रे घ्याल तर जोडू, नाहीतर बसा बाहेर, असा व्यवहार. तिथे विल्यम येगर ह्या नोकरदार अभियंत्याने १९८० पासून अनेक रीती समजणारा राउटर रचला. त्याच्या आतले संगणकाचे कार्ड अँडी बेक्टोल्शाइम ह्या विद्यार्थ्याच्या आराखड्याचे. त्याच विद्यापीठात संगणक-कक्ष सांभाळणाऱ्या लेन बोसॅक आणि सँडी लर्नर ह्या दांपत्याने डिसेंबर १९८४ मध्ये सिस्को ही कंपनी काढली आणि राउटर बाजारात विकायला सुरुवात केली. श्रम कोणाचे आणि मालकी कोणाची, हा वाद तिथे उभा राहिलाच. १९८७ च्या एप्रिलमध्ये विद्यापीठाने येगरांचा कार्यक्रम आणि दोन कार्डांचा आराखडा वापरण्याचा रीतसर परवाना त्या कंपनीला दिला, तेव्हा तो कागदोपत्री मिटला. आमच्या धंद्यात असे वाद रोजचे. म्हणून आम्ही त्यावर अधिक बोलत नाही.

राउटर आता एक सांगाडा झाला. त्याला खाचा, खाचेत हवे ते कार्ड सरकवायचे. इथरनेटसाठी एक, भाड्याच्या दूरच्या लाइनीसाठी दुसरे. हे काम कसे होते ते थोडक्यात सांगतो, कारण ते करणारी मुले आपल्याच शहरात आहेत. प्रथम मनगटाला पट्टा बांधून त्याची तार सांगाड्याच्या धातूला जोडायची. आपल्या अंगावर साचलेली वीज आपल्याला जाणवतही नाही, पण ती कार्डावरच्या चिपा मारू शकते. कार्ड कडेने धरायचे, खोबणीतून सरळ सरकवायचे, मागच्या फळीला ते भिडले की दोन्ही बाजूंच्या दांड्या दाबायच्या आणि स्क्रू आवळायचे. रिकामी खाच उघडी ठेवायची नाही, झाकणपट्टी लावायची, नाहीतर पंख्याचा वारा भलतीकडून निघून जातो आणि शेजारची कार्डे तापतात. १९९० नंतरच्या दशकात असे राउटर आले की ज्यांत वीज चालू ठेवून कार्ड काढता-घालता येते. ग्राहकाची सोय झाली. मात्र जिवंत यंत्रात हात घालण्याची जोखीम तंत्रज्ञाकडे आली.

कार्ड बसले म्हणजे काम संपले नाही. आता त्याला सांगावे लागते. खाचेचा आणि भोकाचा क्रमांक घेऊन, आणि ही मोजणी पुष्कळदा शून्यापासून सुरू होते, त्या सांध्याला पत्ता द्यायचा. भाड्याच्या लाइनीवर ठोका कोणत्या बाजूने द्यायचा ते ठरवायचे. सिस्कोच्या राउटरवरचा नवा सांधा बहुधा बंद अवस्थेतच असतो आणि तो उघडण्याचा हुकूमही ‘बंद नको’ असा नकाराचा नकार आहे. मग यंत्राला विचारले की ते दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगते: लाइन चालू आहे की नाही, आणि त्या लाइनीवरचा करार चालू आहे की नाही. लाइन चालू, करार बंद, असे उत्तर आले तर समजावे की तार जिवंत आहे, पण दोन बाजूंचे बोलणे जुळलेले नाही. कारखान्याचे दार उघडे, भोंगा झालेला, आणि वाटाघाटी मोडलेल्या, ही अवस्था आम्हांला चांगली परिचयाची. शेवटी सगळे हुकूम कायम स्मृतीत लिहून ठेवायचे. नाही लिहिले तर वीज गेल्याबरोबर ते नाहीसे होतात. मालकाचे तोंडी आश्वासन आणि सही केलेला करार ह्यांत जो फरक, तोच हा.

हे सगळे आम्ही का शिकलो ते आता सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेत एक कंत्राटी तंत्रज्ञ आला. एका कंपनीच्या कचेरीत त्याने रात्री दोन वाजता कार्ड बदलले होते. हिरवा दिवा लागला, चाचणी झाली, तो पहाटे घरी गेला. दहाच्या सुमारास कचेरी भरली आणि सारे काम मुंगीच्या पावलांनी चालू लागले. कंत्राटदाराने त्याचे आठ दिवसांचे वेतन कापले. मुलगा म्हणत होता, माझे काम बरोबर आहे. त्याचे म्हणणे मांडायचे तर आम्हांला ते आधी समजायला हवे होते. चार रात्री आम्ही त्याच्याजवळ बसून समजून घेतले.

प्रकार असा. सांध्याच्या दोन बाजू एकाच वेळी बोलू शकतात, किंवा एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने थांबायचे, अशा दोन रीती आहेत. दोन्ही बाजूंना ‘आपापसांत ठरवून घ्या’ असे सांगितले तर त्या ठरवून घेतात. करारपत्रात तसेच लिहिले होते आणि मुलाने तसेच केले होते. पलीकडची बाजू दुसऱ्या ठेकेदाराची. तिथे कोणीतरी ‘एकाच वेळी बोलणे’ असे पक्के बसवून ठेवले होते. पक्के बसवलेली बाजू वाटाघाटीला उत्तर देत नाही. उत्तर आले नाही की आपली बाजू नियमाप्रमाणे ‘थांबून बोलणे’ ही रीत धरते. दिवा हिरवाच राहतो. रात्री वर्दळ नसते म्हणून काही कळत नाही. दिवसा गर्दी झाली की एक बाजू थांबते, दुसरी थांबत नाही आणि टकरी होतात. ह्या टकरींची मोजणी राउटर स्वतः ठेवतो. आपल्या बाजूला उशिरा झालेल्या टकरींचा आकडा वाढतो आणि पलीकडच्या बाजूला मोडक्या मजकुराचा. आम्ही चौकशीत मागणी केली की दोन्ही बाजूंचे आकडे टेबलावर ठेवा. ते ठेवल्यावर वाद उरला नाही. पलीकडची एक ओळ बदलली, काम सुरळीत झाले आणि कापलेले वेतन परत मिळाले. सांध्याचा दोष नेहमी ज्याने शेवटचा हात लावला त्याच्यावर येतो; पण सांध्याला बाजू दोन असतात आणि चौकशी दोन्हींची व्हायला हवी.

आपल्याकडचा इतिहासही ह्याला जोडलेला आहे. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे सुरू केले. पाच आयआयटी, बंगलोरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि मुंबईत जुहूची एनसीएसटी ही संस्था त्यात होत्या. परदेशाशी पत्रव्यवहार जोडणारा दुवा एनसीएसटीमध्येच होता. म्हणजे देशाचा बाहेरच्या जाळ्याशी असलेला हा सांधा आपल्या मुंबईत सांभाळला जात होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हापासून हा विषय घरोघरी आला.

आज ह्या इतिहासातून घ्यायचे ते दोन गोष्टींपुरते. पहिली गोष्ट करारपत्राची. १८२२ ची पुस्तिका ज्याला हवी त्याला मिळत होती, म्हणून एक विद्यार्थी कंपनीच्या नाकावर टिच्चून आपला अर्धा भाग बनवू शकला. आज राउटरच्या भोकात घालायची लहान प्रकाश-जोडणी बोटाएवढी असते. तिचा आकार आणि तारांची जागा अनेक कंपन्यांनी मिळून ठरवलेली आहे, तरी काही राउटर तिच्या पोटात लिहिलेले कारखानदाराचे नाव वाचतात आणि ते परके निघाले तर तिला घेत नाहीत. माप जुळते, काम जुळते, आणि दार मात्र नावावरून बंद. सार्वजनिक पैशातून यंत्रे घेणाऱ्या नगरपालिकांनी, विद्यापीठांनी आणि रुग्णालयांनी खरेदीच्या वेळी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. सांध्याचा दुसरा अर्धा भाग आम्हांला दुसऱ्याकडून घेता येईल काय, एवढे एकच वाक्य मागणीपत्रात घातले तरी पुष्कळ पैसा वाचेल.

दुसरी गोष्ट माणसांची. ११ जुलै १९४६ पासून डाक-तार कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा पत्रे आणि तारा कोणी पोचवत होते हे देशाच्या ध्यानात आले. काम चालू असताना ते ध्यानात राहात नाही. रात्री दोन वाजता मनगटाला पट्टा बांधून जिवंत यंत्रात कार्ड सरकवणारा मुलगा आज बहुधा कंत्राटी असतो. कामाच्या नोंदीत कार्डाचा क्रमांक येतो, खाचेचा क्रमांक येतो, त्याचे नाव येत नाही. नाव येते ते बिघाड झाल्यावर. आमची मागणी साधी आहे. प्रत्येक सांध्याच्या नोंदवहीत तो कोणी बसवला, केव्हा बसवला आणि त्या वेळी दोन्ही बाजूंचे आकडे काय होते, हे लिहिले जावे. विंगफील्डचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण कोणीतरी ते लिहून ठेवले. आपल्या गावच्या मुलांची नावेही तशी लिहिली जावीत, एवढे सुचवून आम्ही आपली रजा घेतो.